दोघांत मोठा कोण

८ फेब्रुवारी

डावऱ्या,

'चिरंजीव' लिहू की 'सप्रेम नमस्कार', यातच दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझा फोन तुझा मॅनेजर उचलतो, "निरोप देतो, मॅडम" म्हणतो आणि ठेवून देतो. मी मॅडम नाही, तुझी सख्खी मोठी बहीण आहे, हे सांगून सांगून मी थकले. म्हणून तुझ्या जिमच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. अक्षर ओळखशील आणि फाडण्याआधी निदान उघडशील, एवढी आशा आहे.

सकाळी दूध आणायला गेले तर दुकानाच्या भिंतीवर तुम्ही दोघे. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तुझे दाजी, नाकाला नाक लावून. खाली मोठ्या अक्षरांत, 'दोघांत मोठा कोण?' दुकानदार म्हणाला, "वहिनी, आता घरातच सामना!" आणि खो खो हसला. दाजींनी मला अवाक्षरानेही सांगितलं नव्हतं. माझा नवरा आणि माझा भाऊ एकमेकांना ठोसे मारणार आहेत, हे मला दुधाच्या दुकानात वाचावं लागलं.

तू नाही म्हण.

शपथ विसरला असशील तर आठवण करून देते. मास्तरांनी तुम्हा दोघांना एकाच रिंगमध्ये वाढवलं. दाजी आधी चॅम्पियन झाले आणि तू रांगेत उभा राहिलास. तेव्हा मी दोघांना शपथ घातली, की माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांवर हात उगारायचा नाही. तुला वाटलं, ताईने नवऱ्याचा पट्टा वाचवला. वाट बघून कंटाळलास, सामान उचललंस आणि समुद्रापलीकडे निघून गेलास. दाजी निवृत्त झाल्यावर तोच पट्टा तू घेतलास, त्यांच्याइतकीच वर्षं ठेवलास आणि गेल्या वर्षी न हरता खाली ठेवलास. त्यांनीही न हरताच ठेवला होता. झालं की! माझ्यावर राग धरायचा तर खुशाल धर. ती शपथ मी आजही घालीन.

इथे टीव्हीवर दोन जाडे गृहस्थ रोज तुमची तुलना करतात. आयुष्यात डासाशिवाय कशावर हात उगारला नसेल त्यांनी. तुलनाच हवी तर माझ्याकडून घे. फुगलेल्या भुवईवर गार लोखंड दाबायचं, फाटलेली कातडी बोटाने मिटवायची, पुढची घंटा व्हायच्या आत रक्त थांबवायचं, हा माझा धंदा. दाजींच्या कोपऱ्यात मी कायम होते आणि सुरुवातीला तुझ्याही कोपऱ्यात होते. तर ऐक. वेग तुझा. पाय तुझे. तुझा डावा हात निघालेला कुणाला दिसतच नाही, लागल्यावर कळतो. दाजींकडे तसा एकही ठोसा नव्हता. तू वरचढ आहेस. ताई सही करून लिहून देतेय. हा कागद चौकटीत घालून जिममध्ये टांग आणि सामना सोडून दे.

दाजी ठणठणीत आहेत. त्यांच्या काळजीपोटी लिहितेय असं मनात आणू नकोस.

ताई

२१ फेब्रुवारी

डावऱ्या,

उत्तर मिळालं. पत्राने नाही, टीव्हीवरून. "भिंत आहे की रंगवलेला पुठ्ठा, ते बघू की," म्हणालास. पत्रकार काय हसले! लोकांनी दाजींना 'भिंत' हे नाव दिलं तेव्हा सगळ्यांत जोरात शिट्टी तू मारली होतीस. आता मोठा झालास.

दाजी सोफ्यावर बसून ऐकत होते. मला वाटलं, भडकतील. ते म्हणाले, "बोलतो छान," आणि माळ्यावरून बूट काढून पळायला गेले.

मागच्या पत्रात मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. ते सगळं विसर आणि आता ऐक. तुला चांगले दोन दणके बसले की तू चिडतोस, आणि चिडलास की तुझी हनुवटी वर येते. दाजींची हनुवटी वर आलेली मी कधी पाहिली नाही. त्यांचा तो साधा सरळ ठोसा, बघणाऱ्याला कंटाळा येईल असा, पुन्हा पुन्हा, वसुलीवाल्याने दार वाजवावं तसा. समोरचा अर्ध्या सामन्यापर्यंत हसत असतो आणि मग एका फेरीला स्टुलावरून उठतच नाही. तू माणसं पाडलीस, मान्य. पाडलेली माणसं पुढच्या वर्षी परत आली. दाजींनी ज्यांना खचवलं त्यांच्यातला एकही पुन्हा पहिल्यासारखा लढला नाही. आणि तू हरवलेस ते तरी कोण? त्यातले अर्धे दाजींनी आधीच वापरून ठेवलेले होते.

लागलं ना? लागू दे. चिडून हाताच्या पट्ट्या फेकून दे आणि म्हण, असल्या घरच्या भांडणात मला पडायचं नाही.

परवा सरावाला एक नवखा आला होता, त्याचा ठोसा खाऊन दाजी मटकन खाली बसले. फरशी ओली होती, पाय घसरला. हल्ली दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागतो, कप टेबलावर ठेवायला जातात आणि तो कडेबाहेर ठेवला जातो. वय झालं की होतं असं. माझाही चष्म्याचा नंबर वाढलाय.

ताई

१० मार्च

डावऱ्या,

आज भांडण नाही. भांडायची ताकद संपली.

चारचौघांत मी ह्यांना 'अहो' म्हणते आणि कोपऱ्यात 'अरे', हे तुला माहीत आहे. तू त्यावरून किती चिडवायचास. काल सकाळी भांडी विसळताना मी 'अरे' म्हणाले. घरात. त्यांनी लगेच वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"अरे, कशाला हवंय तुला हे?"

ते म्हणाले, "केस कापायला बसलो की न्हावी विचारतो, तुम्ही मोठे की तुमचा मेहुणा? बँकेत गेलो की खिडकीतून तेच. मी हसून सोडतो. घरी येऊन मात्र स्वतःला तेच विचारतो. मी जे केलं ते तो रांगेत उभा असताना. त्याने केलं ते मी घरी बसल्यावर. दोघांनी अर्धंच केलंय गं. मला एकदा कळू दे. हरलो तरी चालेल. मग गप्प बसतो."

मी नळ बंद केला आणि कपाळाला हात लावून उभी राहिले.

तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते. खांदा दुखावलाय म्हण, पाठ धरलीये म्हण, लग्न ठरलंय म्हण. तुझ्याशी कोण लग्न करणार हा प्रश्न आहे, पण पत्रकारांना चालेल. लोक तुला दोन महिने भित्रा म्हणतील आणि विसरतील.

मला याहून जास्त सांगता येत नाही. कोपऱ्यातलं कोपऱ्यातच राहतं, हे मास्तरांनी आपल्याला हातमोजे घालायच्या आधी शिकवलं. कुठे दुखतंय, कुठे फाटलंय, ते समोरच्या कोपऱ्याला मेलं तरी कळू द्यायचं नाही. आणि या वेळी समोरचा कोपरा तू आहेस. तू माझा भाऊ आहेस आणि तू समोरचा कोपरा आहेस, आणि माझं डोकं फुटायची वेळ आलीये.

ताई

१८ मार्च

डावऱ्या,

उजवा डोळा.

लिहिलं एकदाचं. दाजींना उजव्या डोळ्याने दिसत नाही. कमी दिसतं असं नव्हे, काहीच दिसत नाही. शेवटच्या सामन्यात आतला पडदा सुटला. म्हणून ते निवृत्त झाले. 'पोटभर खेळलो' वगैरे भाषण पत्रकारांसाठी होतं. ऑपरेशन केलं, पुन्हा केलं, जमलं नाही. आम्ही दोघे आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सोडून हे कुणाला माहीत नाही. मास्तरांनाही नाही.

तपासणीत पास कसे झाले म्हणशील. डावा डोळा उघडा असताना पाटीवरची अक्षरं पाठ केली आणि उजव्याच्या वेळी घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर घाईत होता. बाहेर येऊन मला म्हणाले, "शाळेत एवढा अभ्यास केला असता तर साहेब झालो असतो." मला हसू आलं नाही.

न दिसलेला ठोसाच माणसाला संपवतो, हे तुला मी काय शिकवू? दिसला तर मान आवळली जाते, दात मिटले जातात. दिसलाच नाही तर मान सैल असते आणि डोकं नुसतं घंटेसारखं हलतं. तुझा डावा बरोबर त्याच बाजूने येतो. जगातल्या सगळ्या बॉक्सरांत देवाने त्यांच्यासमोर तुलाच आणून उभं करावं ना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसराही डोळा जाईल, आणि तो गेला तर ते नशीब समजा. यापुढचं त्या बोलल्या नाहीत.

संघटनेला मीच का सांगत नाही, असं वाटेल तुला. चारचौघांत त्यांना आंधळा म्हणून उभं करायचं आणि तेही मी? माझ्याने होत नाही. तू माघार घेतलीस तर कुणालाच काही कळणार नाही. ते तुला चार शिव्या घालतील आणि चहा मागतील. असं होऊ दे.

आता सगळं तुझ्या हातात आहे. हे वाचून तू सामना मोडू शकतोस, नाहीतर पहिल्याच फेरीत त्यांना आडवं करू शकतोस. नवऱ्याचं असं वर्म कुठल्या बायकोने लिहून पाठवलं असेल! मला तुझा भरवसा आहे म्हणून नाही पाठवत. दुसरा कुणी नाही म्हणून पाठवतेय. वाचून जाळून टाक.

ताई

३ एप्रिल

डावऱ्या,

तुला हरायला कुणी सांगितलं होतं?

मॅनेजरचा फोन आला होता. "साहेब म्हणतात, करार मोडता येत नाही, पण ताईंना सांगा, काळजी करू नका." त्या एका वाक्यावर मी सामन्यापर्यंतचे दिवस काढले. काळजी करू नका म्हणजे काय, ते मला रिंगच्या कडेला बादली धरून उभी असताना कळलं. तू आलास तो उजवा हात पुढे, आणि डावा छातीला चिकटलेला, प्लास्टर घातल्यासारखा. पहिल्या फेरीत मी तुला मनातल्या मनात आशीर्वाद दिले.

दाजी स्टुलावर येऊन बसले. मास्तर काहीतरी सांगत होते, मी भुवईला मलम लावत होते. दाजी मला म्हणाले, "हा डावा का टाकत नाही?"

"राखून ठेवलाय," मी म्हटलं.

पुढच्या फेरीनंतर, "दुखावलाय का त्याचा हात?"

"असेल."

मग त्यांनी ते केलं. तुला आठवत असेल. उजवा हात मुद्दाम खाली सोडला. अख्खा चेहरा उघडा, ये, मार, असं बोलावणंच. तुझा डावा खांदा हलला, मी पाहिलं. जन्माची सवय ती, हलणारच. आणि तू तो मागे ओढलास. घंटा झाल्यावर ते येऊन बसले आणि काही विचारलं नाही. मान पूर्ण वळवली, चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मी कापसाकडे बघत राहिले. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या ते खेळले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

टीव्हीवरचे ते जाडे म्हणाले, डावऱ्याचा डावा संपला, वय कुणाला चुकत नाही. पंचांनी दाजींचा हात वर केला. लोक नाचत होते. दाजींनी तुला मिठी मारली तेव्हा कानात काय म्हणाले, मला माहीत नाही. तुझी मान खाली गेली, एवढं दिसलं.

घरी आल्यावर हातातली बॅग ठेवायच्या आधी म्हणाले, "तू सांगितलंस."

"हो."

आरडाओरडा करतील, काहीतरी फेकतील, असं वाटलं होतं. त्यासाठी मी तयार होते. ते म्हणाले, "पोराला सायकल शिकवताना मागून धरतात ना, तसं धरलं त्याने मला." आणि आंघोळीला गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. काल तो सामने भरवणारा आला, आपण ज्याला गोडबोल्या म्हणायचो तो, हातात फुलांचा गुच्छ आणि कागद. सध्याच्या चॅम्पियनला 'दोघांतला मोठा' हवाय म्हणे. तो तरणाताठा मुलगा, ज्याच्या मागच्या प्रतिस्पर्ध्याला स्ट्रेचरवरून नेलं. मी चहा ठेवून येईपर्यंत दाजींनी सही केलेली. मी त्यांचा हात धरला, गोडबोल्यासमोर 'अरे' म्हणाले, "अरे, मरशील."

म्हणाले, "तो मला ओळखत नाही. तो तरी मनापासून मारेल."

बघ आपण काय करून ठेवलं ते! मी सांगितलं, तू ऐकलंस, आणि दोघांनी मिळून त्यांना जिंकवून थेट त्या पोरासमोर नेऊन उभं केलं. मारायचं नव्हतं तर एका हाताने तरी जिंकायचं होतंस रे. हरले असते तर रडले असते, चार दिवस जेवले नसते आणि गप्प बसले असते. आता त्यांना काहीच कळलेलं नाही, आणि ते कळून घेतल्याशिवाय थांबणार नाहीत. त्या पोराला मी कुठलं पत्र लिहू? मी त्याची ताई नाही.

ताई

२२ एप्रिल

डावऱ्या,

सांगितलं मी. काल, सगळ्यांसमोर.

नव्या सामन्याच्या कागदपत्रांसाठी संघटनेच्या कचेरीत बोलावलं होतं. लांबलचक टेबल, पलीकडे अध्यक्ष, डॉक्टर, गोडबोल्या. अलीकडे आम्ही दोघे. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, मी हल्ली तिथेच बसते. सगळं झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही?" ते विचारायचं म्हणून विचारतात. मी उभी राहिले.

"ह्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. मागच्या सामन्यातही दिसत नव्हतं."

गोडबोल्या हसून म्हणाला, "वहिनी घाबरल्यात जरा." कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. डॉक्टर उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि काही न बोलता दाजींच्या उजव्या गालाशी बोटं हलवू लागला. दाजी सरळ समोर बघत बसले. सगळ्यांना ती बोटं दिसत होती, एक त्यांना सोडून. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

त्यांचा परवाना कायमचा रद्द झाला. तुमचा सामनाही रद्द केला, निकाल पुसला. कागदोपत्री तुम्ही दोघे कधी समोरासमोर आलातच नाहीत.

जिन्यात ते पुढे, मी मागे. मधल्या वळणावर थांबले. आता भडकणार, असं वाटून मी कठडा घट्ट धरला. त्यांनी मान वळवली, आवाज अगदी साधा.

"आता लढणं संपलं. आता तरी खरं सांग. तू दोघांना जवळून पाहिलंस. मोठा कोण?"

पत्रांतून एकदा मी तुला मोठं म्हटलं, एकदा त्यांना. ज्या वेळी जे हवं होतं ते म्हटलं. त्या जिन्यात काय हवं होतं, तेच मला कळेना. 'तू' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो उच्चारला असता तर त्यांनी मान हलवली असती, मला घरी आणलं असतं आणि मरेपर्यंत माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नसता. सांभाळून घेणारी आणखी एक, एवढीच मी उरले असते.

"तो," मी म्हटलं. कोपऱ्यातल्या आवाजात म्हटलं. "तो मोठा. दोन्ही डोळे असते तरी तोच. तुझी चांगली वर्षं मी पाहिलीत, त्याचीही पाहिलीत. त्याने डावा टाकला असता तर तू शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला नसतास."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. मग एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "चला. कुणीतरी मारलं एकदाचं मला." आणि पायरीवर बसले. मीही बसले. खालून शिपाई दोनदा डोकावून गेला, पण उठा म्हणाला नाही.

ते खचलेत की सुटलेत, मला सांगता येत नाही. जेवतात. कमी बोलतात. आज सकाळी न्हाव्याकडे जाऊन आले, पण तिथे काय झालं ते मी विचारलं नाही. टेबलाशी मी खरं बोलले. जिन्यात खरं बोलले का, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि आता ते कुणालाच कळणार नाही.

तू ये. मॅनेजरला न सांगता ये. दार मीच उघडेन, ते आतल्या खोलीत असतील. ते तुलाही विचारणार, आल्या आल्या विचारणार. तेव्हा हसून विषय बदलू नकोस. वाकून नमस्कार करून 'दाजी, तुम्हीच' म्हणालास तर मी तुला उंबऱ्यावरून परत पाठवीन. त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे बघ, छाती पुढे काढ आणि 'मी' म्हण.

ताई